घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

धम्म शिबिरात रात्री सभागृहात ओळीने पथाऱ्या पसरल्या की तासाभरात एखाद्या कोपऱ्यातून घोरण्याचा आवाज सुरू होतो. बाकीचे हसतात. "काय सुखाची झोप लागली आहे बघा," असे कोणी तरी म्हणतो आणि कूस बदलतो. सकाळी तोच घोरणारा उपासक आनापान साधनेला बसला की पाच मिनिटांत त्याची मान छातीवर येते. मग पाच नीवरणांचा विषय निघतो, त्यांतील थीनमिद्ध म्हणजे आळस व सुस्ती कशी जिंकावी हे सांगितले जाते, आणि तो बिचारा खाली मान घालून ऐकत राहतो. रात्रीचा आवाज आणि सकाळची डुलकी यांचा काही संबंध असेल, हे कोणाच्या ध्यानी येत नाही.

तो बिचारा म्हणजे आम्हीच होतो, हे येथेच सांगून टाकलेले बरे.

या विकाराला वैद्यकीय भाषेत स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया म्हणजे श्वास नसणे. झोपेत शरीराचे सर्व स्नायू सैलावतात, तसे घशाचेही सैलावतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, मानेभोवती चरबी साठली आहे किंवा जबडा लहान आहे, त्यांची जीभ व पडजीभ मागे येऊन हवेची वाट अडवतात. वाट अर्धवट अडली की घोरणे, पूर्ण अडली की शांतता. ही शांतताच धोक्याची. छाती हवा ओढण्यासाठी धडपडत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. अखेर मेंदू झोपलेल्याला क्षणभर जागा करतो, मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास येतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. ज्याचे हे होते त्याला सकाळी यातले काहीही आठवत नाही.

श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला, तर तो एक प्रसंग धरतात. ताशी पाचपेक्षा कमी प्रसंग सर्वसाधारण समजतात. पंधराच्या पुढे विकार मध्यम आणि तीस किंवा अधिक झाल्यास तीव्र. आमच्या तपासणीत आकडा ताशी ३८ निघाला. बँकेतल्या माणसाला हिशेब केल्याशिवाय राहवत नाही: सहा तासांच्या झोपेत २२८ वेळा. म्हणजे आम्ही रात्रभर झोपत नव्हतो, तर २२८ वेळा उठत होतो. दुपारी काउंटरवर डोळ्यांवर झापड येई, दोनदा रोकड कमी भरली आणि ती पदरची भरावी लागली. हे सारे वयामुळे, असे आम्ही समजत होतो. "अहो, तुमचा श्वासच बंद पडतो हो, मी मोजत बसते," असे पत्नी दोन वर्षे सांगत होती. आम्ही तिलाच उलट म्हणत होतो की तुला झोप कमी आहे.

उपचार न केल्यास काय होते? श्वास थांबून मेंदू जागा करतो तेव्हा प्रत्येक वेळी हृदयाची गती व रक्तदाब एकदम चढतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. येथे तो रात्रभर धक्के खातो आणि पुढे दिवसाही चढलेला राहू लागतो. तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर या विकाराची तपासणी करून घ्यावी. हृदयाचे ठोके अनियमित होणे, पक्षाघात, मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लोकांच्या झोपेची तपासणी करून पुढे वर्षानुवर्षे पाहणी चालू ठेवली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अठरा वर्षांच्या हिशेबात, तीव्र विकार असणाऱ्यांत मृत्यूचा धोका विकार नसणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट दिसला.

आणि धोका एकट्या रोग्याला नसतो. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक लोकल गाडी ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगमर्यादेच्या वळणावर सुमारे १३२ च्या वेगाने शिरली व रुळांवरून घसरली. चार प्रवासी मेले. चालकाला डुलकी लागली होती, आणि त्याला स्लीप ॲप्निया असल्याचे अपघातानंतरच्या तपासणीत कळले. आपल्या समाजात एस.टी.चे, ट्रकचे, रिक्षाचे चालक घरोघरी आहेत, रात्रपाळी करणारे तर कितीतरी. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

हा परदेशी लठ्ठ लोकांचा रोग आहे, असे कोणी म्हणू नये. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के, आणि त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रासही असणाऱ्यांचे ७.५ टक्के. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले होते. स्थूलपणा हे मोठे कारण खरे, पण सडपातळ माणसांनाही हा विकार होतो. स्त्रियांत पाळी बंद झाल्यावर प्रमाण वाढते, आणि त्या घोरण्याची गोष्ट लाजेने बोलतही नाहीत.

मुलांचे थोडे निराळे आहे. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त विद्यार्थी सलग अठरा तास अभ्यासाला बसतात, तो उपक्रम आम्हाला प्रिय आहे. पण तेथे पेंगणाऱ्या मुलाला लगेच आळशी म्हणू नये. मूल तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते, दिवसा चुळबुळ करते, अभ्यासात लक्ष नाही, अशी तक्रार असेल तर त्याचे टॉन्सिल व नाकामागील गाठी दाखवून घ्याव्यात. पुष्कळदा शस्त्रक्रियेने मूल सुधारते.

तपासणीत रात्रभर अंगाला तारा लावून श्वास, प्राणवायू व मेंदूच्या लहरी नोंदवतात. आता साधी तपासणी घरीही होते. उपचाराचे मुख्य साधन म्हणजे सीपॅप यंत्र. नाकावर मुखवटा लावून ते मंद दाबाने हवा देत राहते, त्यामुळे घसा मिटत नाही. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये ही युक्ती प्रसिद्ध केली. पहिल्या यंत्राला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. आजचे यंत्र लहान असले तरी कित्येक घरांत ते महिन्याच्या पगाराहून महाग पडते, हे लपवण्यात अर्थ नाही. यंत्राने दिवसाची झोप उडते, रक्तदाबही थोडा उतरतो. हृदयविकार टळतोच, असे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या सुमारे २७०० रुग्णांवरील २०१६ च्या मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही; मात्र ते रुग्ण यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावत नव्हते.

बिनखर्चाचे उपायही आहेत. वजन दहा टक्के उतरले तरी प्रसंग बरेच कमी होतात. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. पंचशीलातील पाचवे शील पाळणाऱ्याला हा उपाय आपोआप साधतो. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा विकार जरूर सांगावा. उताणे न झोपता कुशीवर झोपावे. येथे मोग्गल्लानाची आठवण होते. ते ध्यानात पेंगू लागले तेव्हा भगवंतांनी त्यांना कानाच्या पाळ्या ओढण्यापासून डोळ्यांवर पाणी मारण्यापर्यंत उपाय सांगितले, आणि शेवटी, एवढ्यानेही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर सिंहशय्येत झोपावे असे सांगितले. यावरून भगवंतांना हा रोग ठाऊक होता, असा दावा आम्ही करीत नाही; असले दावे बुद्धिवादी धम्माला शोभत नाहीत. एवढेच की पेंगणाऱ्याला त्यांनी दोष देत बसण्याऐवजी झोपायला सांगितले.

गेल्या शिबिरात आम्ही यंत्र बरोबर नेले. विजेच्या प्लगजवळची जागा मागून घ्यावी लागली, आणि मुखवटा पाहून मुले आधी घाबरली, मग हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक उपासिका हळूच आल्या आणि विचारू लागल्या, "दादा, आमच्या ह्यांचाही श्वास रात्री थांबतो. कोणत्या डॉक्टरकडे न्यायचे?" कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडे न्या आणि तुम्हीही बरोबर जा, असे आम्ही सांगितले, कारण रात्री काय होते ते त्यांना नव्हे, तुम्हालाच सांगता येईल.