नातवंडांकडे हिवाळ्यात जावे

परदेशी असलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन चार महिने राहून येणे, ही गोष्ट आता मध्यमवर्गीय घरांतून अपूर्वाईची राहिलेली नाही. आमच्या सरावली-बोईसरच्या परिसरातही अशी कुटुंबे सापडतात, की ज्यांतील वडील माणसे वैशाख आला म्हणजे लोणच्याच्या बरण्या व मेतकुटाच्या पुड्या बांधून विमानाची वाट धरतात. वैशाख हाच मुहूर्त का? तर त्या वेळी तिकडे हवा सुखकर असते आणि जुन्या हाडांना थंडी सोसत नाही, हे त्याचे उत्तर. हे उत्तर चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि आमचा अनुभव याच्या नेमका उलट आहे, आणि तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की नातवंडांच्या सहवासासाठी परदेशी जावयाचे असेल, तर निदान एकदा तरी हिवाळ्यात जावे.

लंडनच्या वायव्येस हॅरो म्हणून जे उपनगर आहे, तेथे आमचे चिरंजीव सहकुटुंब राहतात. त्यांच्याकडे आम्ही उभयता प्रथम गेलो ते जून-जुलै महिन्यांत. त्या भेटीत आम्ही राजवाडे पाहिले, पूल पाहिले, बागा पाहिल्या. नातवंडे मात्र फारशी पाहिली नाहीत. जूनच्या अखेरीस तेथे सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. तोपर्यंत मुले बागेत, मैदानावर, सोबत्यांच्या अंगणात. आणि घरी आली, की दूध पिऊन निद्राधीन! नातू तेव्हा आठ वर्षांचा व नात पाच वर्षांची होती. आम्ही काही विचारावे, त्यांनी इंग्रजीत दोन शब्दांचे उत्तर फेकावे व बाहेर धूम ठोकावी, असा क्रम चालला. परत येताना विमानात आमचे कुटुंब एवढेच म्हणाले, "मुलं गोड आहेत, पण आपली ओळख काही झाली नाही."

दुसऱ्या खेपेस, म्हणजे २०२३ साली, चिरंजिवांच्या रजेच्या सोयीने आम्हांस ऑक्टोबरात निघावे लागले व फेब्रुवारी २०२४ पर्यंत राहावे लागले. हा योग आम्ही स्वतः निवडलेला नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

तेथील हिवाळा म्हणजे काय, हे थोडे आकड्यांनी सांगतो. जन्मभर शाळेत फळ्यापुढे उभे राहिलेल्यास ही खोड सुटत नाही. सरावली विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २० अंशांवर आहे, तर लंडन साडेएकावन्न अंशांवर. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस आपल्याकडे भर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर चढतो. लंडनमध्ये जेमतेम १५ अंश. आपला तो दिवस जवळजवळ ११ तासांचा, त्यांचा ८ तासांहूनही किंचित लहान. सकाळी आठनंतर सूर्योदय व दुपारी चार वाजण्यापूर्वी सूर्यास्त! मुलांनी शाळेतून येऊन दप्तर खाली ठेवावे, तो दिवे लावण्याची वेळ झालेली असते. सूर्य इतका खाली असल्याने त्याच्या किरणांतील ज्या भागामुळे त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते, तो भाग ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तेथे पुरेसा मिळत नाही. म्हणून या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा विचार सर्वांनीच करावा, असा तेथील सरकारी आरोग्यखात्याचा सल्ला आहे. आणि आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांस तर तो बारमाही आहे.

यात आणखी एका कारणाची भर पडली होती. घर उबदार ठेवणारी यंत्रणा तेथे बहुतेक ठिकाणी गॅसवर चालते. युक्रेनच्या युद्धानंतर हा गॅस फार महागला. सामान्य घराच्या गॅस व विजेच्या वार्षिक खर्चाची जी मर्यादा तेथील नियामक मंडळ ठरवून देते, ती ऑक्टोबर २०२१ मध्ये १२७७ पौंड होती. जानेवारी २०२४ मध्ये ती १९२८ पौंड होती. तेव्हा साऱ्या खोल्या तापवीत बसणे परवडेना. सूनबाईंनी नियम केला, की संध्याकाळी बैठकीची एकच खोली ऊन ठेवावयाची व सर्वांनी तेथेच बसावयाचे. कालिदासाने 'ऋतुसंहारा'त शिशिराचे वर्णन करताना मिटलेली गवाक्षे व अग्नी यांचे सुख गायिले आहे; आमच्या वाट्यास ते गॅसच्या बिलामुळे आले, एवढाच काय तो फरक!

या उबदार खोलीत आम्ही पहिले काय केले असेल, तर शाळा काढली. रोज पाच वाजता बाराखडी, मग एक श्लोक, मग 'रामः रामौ रामाः'. चार-पाच दिवस नातवाने सोसले. मग त्याचे पोट दुखू लागले. नात तर पाच वाजले की पलंगाखाली शिरे. दोघेही आमच्याशी इंग्रजीत बोलत, आणि आम्ही मराठीत उत्तराची सक्ती केली, की बोलणेच थांबवीत. एके दिवशी आमचा संयम सुटला. मुलांदेखत आम्ही सूनबाईंस म्हणालो, "घरात मराठी नाही, याचा दोष आईबापांकडे जातो." त्या काही बोलल्या नाहीत. मुले निजल्यावर मात्र शांतपणे म्हणाल्या, "बाबा, आम्ही दोघं सकाळी सातला बाहेर पडतो आणि सहाला घरी येतो. त्यानंतर त्यांचा अभ्यास, तो इंग्रजीत. भाषेला तास लागतात हो. ते मी कुठून आणू?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. छत्तीस वर्षे तास घेणाऱ्या आम्हांस तो शब्द असा ऐकावयास मिळेल, असे वाटले नव्हते. आमच्या बोलण्यात अन्याय होता. दुसरे दिवशी तसे आम्ही मुलांसमोरच सूनबाईंजवळ कबूल केले, कारण दोष मुलांसमोरच दिला होता. शाळा त्या दिवसापासून बंद झाली.

मूल परदेशी वाढवावयाचे व ते आपलेही राखावयाचे, ही विवंचना काही आजची नव्हे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या, तेव्हा त्यांची कन्या मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात व पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाईंनी दिवस काढले. त्यांच्या धर्मांतराविषयी आमच्या वाचकांत मतभेद असतील. तो विषय येथे नाही. परंतु आपल्या मुलीस भारताची कन्या म्हणवून घेण्याचा संकोच वाटू नये, म्हणून ही माता तेथील हितचिंतकांशी पत्रांतून किती निकराने वाद घालीत होती, हे त्यांचा पत्रव्यवहार वाचणारास दिसून येते. ती कन्या पुढे मायदेशी परतली व आईच्या शारदासदनात तिने शिक्षणाचे काम केले.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे. रँग्लर परांजपे हे १९४४ ते १९४७ या काळात भारताचे हायकमिशनर म्हणून ऑस्ट्रेलियात होते. कन्या शकुंतलाबाई व चिमुकली नात सई यांचेही वास्तव्य त्या काळात कॅनबेरास होते. तेथे हिवाळा आपल्या आषाढ-श्रावणात येतो व रात्री पारा शून्याखाली उतरतो. तीच नात पुढे मराठी नाटककार व चित्रपटदिग्दर्शिका सई परांजपे म्हणून प्रसिद्धीस आली; मुलांसाठी लिहिलेले त्यांचे मराठी पुस्तक त्यांच्या आठव्या वर्षीच प्रसिद्ध झाले होते. परक्या देशात राहिल्याने भाषा जातेच असे नाही, याला एवढा दाखला पुरे. मात्र त्या घरात आई होती, आजोबा होते, आणि मराठी बोलणे हा तेथे पाठ नसून व्यवहार असणार, असे आमचे अनुमान आहे.

असो. शाळा बंद झाल्यावर आम्ही मुलांबरोबर नुसते राहू लागलो. तेथील लोकांची एक रीत आम्हांस फार आवडली. थंडी आहे म्हणून ते मुलांना कोंडून ठेवीत नाहीत. अंगावर एकावर एक तीन वस्त्रे, पायांत रबरी बूट, हातमोजे, कानटोपी, की निघाले! दर शनिवारी आम्हीही दशम्या, दाण्याची चटणी व थर्मासात आल्याचा चहा घेऊन निघू लागलो. एका शनिवारी साउथ केन्सिंग्टनचे निसर्गेतिहासाचे संग्रहालय पाहिले. १८८१ सालच्या त्या इमारतीच्या मुख्य दालनात २५ मीटर लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा छतास टांगला आहे, आणि तो पाहावयास प्रवेशमूल्य पडत नाही. दुसऱ्या एका शनिवारी ग्रीनिचच्या टेकडीवर गेलो.

१८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेने जेथून पृथ्वीचे रेखांश मोजावयाचे ठरविले, ती शून्याची रेषा ग्रीनिचच्या वेधशाळेच्या अंगणात धातूच्या पट्टीने दाखविली आहे. नातू तिच्या दोहों बाजूंस एकेक पाय ठेवून उभा राहिला. आम्ही सहज म्हणालो, "आपलं सरावलीचं घर इथून पूर्वेला पावणेत्र्याहत्तर अंशांवर आहे. एका अंशाला सूर्याला चार मिनिटं लागतात." तो गप्प राहिला. बोटांवर हिशेब चालला होता. मग एकाएकी म्हणाला, "दोनशे एक्क्याण्णव मिनिटं! म्हणजे चार तास एक्कावन्न. पण बाबा तर साडेपाच तास म्हणतात. आजोबा, मग सरावलीचा सूर्य आणि सरावलीचं घड्याळ वेगळं आहे?"

प्रश्न मराठीत होता. आम्ही तिकडे लक्ष गेल्याचे दाखविले नाही. साऱ्या भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे, ती रेषा सरावलीच्या बरीच पूर्वेस पडते, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असतो, हे आम्ही त्यास परतीच्या गाडीत सांगितले. घरी येऊन त्याने तेच बहिणीस समजावले. अर्धे इंग्रजीत, अर्धे मराठीत. आम्ही एकही शब्द सुधारला नाही. हा संयम आम्हांस फार जड गेला.

नातीची गोष्ट स्वयंपाकघरात घडली. संक्रांत १५ जानेवारीस होती व नेमकी त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. मुले रोज सकाळी बर्फाच्या आशेने खिडकीस नाक लावीत; अंगणात बर्फ नव्हे, तर गोठलेले पांढरे दव दिसे. शाळेतून येताच नात आजीच्या मागे ओट्यापाशी स्टुलावर चढली. तीळ खमंग भाजून झाले होते, गुळाचा पाक चालला होता. पाक गोळीबंद झाला की नाही, हे वाटीभर पाण्यात थेंब टाकून कसे पाहावे, ते आजीने तिला दाखविले. 'पाक', 'गोळीबंद', 'उलथने', 'परात', असे शब्द एकामागून एक तिच्या हातांतून गेले; कोणी अर्थ सांगितला नाही, कोणी पाठ करून घेतले नाहीत. लाडू वळताना गरम गोळा तिच्या तळव्यास चिकटला आणि ती ओरडली, "आई गं! चटका लागला!"

तिची आई तेवढ्यातच कामावरून येऊन दारात उभी होती. यापूर्वी पडली, लागले, तरी ही पोर इंग्रजीत कळवळत असे. सूनबाईंनी तिचा हात थंड पाण्याच्या धारेखाली धरला, आणि आमच्याकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या रात्री मेतकूट-भात जेवताना मुले नेहमीसारखीच भांडली. आम्हांस मात्र ते भांडणही निराळे वाटले.

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये. चार महिन्यांत मुले मराठीत पारंगत झाली, असे आम्ही सांगत नाही. सणवारांस समाज लागतो, आणि त्यासाठी लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. पण मंडळात जाणे वर्षातून काही वेळा होते, तर भाषा रोज लागते. उन्हाळ्याच्या सहली मुलांस त्या देशाची ओळख करून देतात, आणि ती हवीच. त्यांना तेथेच वाढावयाचे आहे. आपली ओळख मात्र मिटलेल्या खिडकीच्या आत होते. सूनबाईंनी मागितले होते ते तास लांबलचक संध्याकाळींच्या रूपाने निसर्गच तेथे देतो. फक्त ते खर्च करावयास घरात रिकामा माणूस पाहिजे, आणि असे रिकामे आपण वृद्धच आहोत. हे तास चित्रफितींच्या पडद्यास देऊन टाकले, तर मग बोल कोणास लावावा?

जाणारांनी प्रकृतीची काळजी अवश्य घ्यावी. गोठलेल्या दवावरून पाय घसरतो, तेव्हा बूट खरबरीत तळाचे असावेत. आजारपणाचा विमा उतरल्याशिवाय पाऊल उचलू नये. आणि सततच्या अंधाराने मन खिन्न होते, म्हणून दुपारी उजेड असेतो अर्धा तास फिरून यावे. आमच्या गुडघ्याने डिसेंबरभर तक्रार केली, हेही लपवीत नाही.

येथे सरावलीस पौषातसुद्धा पहाटेपुरतीच शाल लागते. शेजारच्या गावांतून या दिवसांत उकडहंडी लागते व तिचा वास संध्याकाळी वाऱ्यावर येतो. रविवारी दुपारी साडेतीन वाजता, म्हणजे हॅरोच्या सकाळी दहा वाजता, मुलांचा दूरध्वनी येतो. नातू आधी घड्याळाची वेळ विचारतो, मग सूर्याची. दोन्ही सांगितल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. चिरंजिवांनी यंदा वैशाखात येण्याचा आग्रह धरला आहे. आम्ही कार्तिकात येतो, असे कळविले आहे.