जालन्याच्या छावणीतला पक्षीवेडा डॉक्टर

थॉमस कॅव्हरहिल जेर्डन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतला तरुण डॉक्टर. १८३६ मध्ये तो भारतात आला, आधी गंजामला राहिला आणि पुढे घोडदळाच्या पलटणीबरोबर जालन्याच्या छावणीत येऊन जवळपास चार वर्षं इथे होता. नोकरी आजारी सैनिकांना बरं करण्याची. जीव मात्र पक्ष्यांत अडकलेला.

पण नुसता पक्षी ओळखून त्या काळी भागत नसे. तुलनेसाठी लागणारे नमुने आणि ग्रंथ युरोपात, म्हणून निवाडाही तिकडच्या मान्यवरांचाच. त्यांनी दुजोरा दिला, की हौशी अभ्यासकाच्या शब्दाला वजन येई. जेर्डननेही गंजामकडे जमवलेले पक्षी स्कॉटलंडमधल्या सर विल्यम जार्डिन यांच्याकडे पाठवले. म्हणजे आतलं मांस काढायचं, पिसांसकट कातडी सुकवायची, कापूस भरायचा आणि पेटी आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजावर चढवायची. सुएझ कालवा खुला व्हायला अजून तीस वर्षं होती. प्रवासात महिने जात. पेटी जार्डिन यांच्या घरी पोहोचली तेव्हा पक्ष्यांना कसर लागलेली होती.

दुजोरा हुकला. मग जेर्डनने स्वतःच्या निरीक्षणावर भिस्त ठेवली. १८३९ पासून ‘मद्रास जर्नल ऑफ लिटरेचर अँड सायन्स’मध्ये त्याची द्वीपकल्पातल्या पक्ष्यांची सूची क्रमाने छापून आली. कर्नल साइक्स यांच्या १८३२ च्या दख्खनी पक्ष्यांच्या यादीत त्याने मोठी भर घातली.

   

जेर्डनने जाणकारांचा सल्ला टाळला मात्र नाही. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतल्या एडवर्ड ब्लाइथ यांच्याशी त्याचं देणंघेणं चालू राहिलं. त्याने मिळवलेल्या एका धाविक पक्ष्याला ब्लाइथ यांनी १८४८ मध्ये शास्त्रीय नाव दिलं. तोच पुढे ‘जेर्डन्स कोर्सर’ म्हणून ओळखला गेला. विसाव्या शतकात तो नामशेष झाल्याचं मानलं जात होतं. १९८६ मध्ये आंध्रात तो पुन्हा सापडला.

१८६२ ते १८६४ दरम्यान निघालेल्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ या ग्रंथाने जेर्डनचं नाव पक्षिशास्त्रात कायम झालं. त्याची जालन्यातली वर्षं जिल्ह्याच्या इतिहासात ठळकपणे नोंदवली गेली पाहिजेत. आणि इथल्या विज्ञान शिक्षकांनी मुलांना माळावर, तळ्यावर नेऊन पक्ष्याचं नाव, ठिकाण आणि तारीख वहीत लिहायला जरूर लावावं.