दुकानदार नसलेलं दुकान

रात्री साडेअकराला सबमिशन लिहिताना पोटात कावळे ओरडायला लागतात, तेव्हा मेसला कुलूप असतं आणि गेटलाही! अशा वेळी खालीच एक दुकान असावं आणि त्यात दुकानदारसुद्धा नसावा, ही माझी कविकल्पना नाही बरं का. अमेरिकेतल्या मोठ्या ऑफिसांत, गोदामांत अशी दुकानं आहेत. तिथे त्यांना मायक्रो मार्केट म्हणतात.

उघडी शेल्फं, काचेच्या दाराचे फ्रिज, पैसे भरायचं एक मशीन आणि वर कॅमेरे, एवढाच संसार. सँडविच उचला, बारकोड दाखवा, कार्ड लावा आणि चालू पडा. व्हेंडिंग मशीन आधी पैसे घेतं, मग वस्तू टाकतं. इथे वस्तू आधी हातात येते. सगळी गंमत आणि सगळी भानगड इथेच आहे.

करार साधारण असा असतो. फ्रिज, मशीन, माल सगळं ऑपरेटर स्वतःच्या खर्चाने आणतो. कंपनी जागा, वीज आणि नेट देते. खर्च वसूल व्हायला हवा, म्हणून ऑपरेटर माणसं मोजतो आणि काही वर्षांची मुदत मागतो. कंपनीने विक्रीवर कमिशन मागितलं तर तो देतोही, पण ते सँडविचच्या किमतीतूनच निघतं. म्हणजे शेवटी खाणाऱ्याचाच खिसा!

खरी घासाघीस होते ती तुटीवर. पॉल फेल्डमन नावाचे गृहस्थ १९८४ पासून वॉशिंग्टनच्या ऑफिसांत सकाळी बेगल (मधे भोक असलेले पाव) आणि पैशांचा डबा ठेवून जायचे. पहारा नाही, कॅमेरा नाही. त्यांच्या हिशोबाची वही २००५ च्या 'फ्रीकॉनॉमिक्स' या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाली. पुढे पुढे वसुली सुमारे ८७ टक्क्यांवर आली होती. आणि गंमत म्हणजे काही डझन माणसांच्या ऑफिसात वसुली काहीशेंच्या ऑफिसापेक्षा ३ ते ५ टक्के जास्त! जिथे सगळे ओळखीचे, तिथे हात आखडतो. म्हणजे गिऱ्हाईक जास्त म्हणून ऑपरेटरला मोठं ऑफिस हवं, आणि तूटही तिथेच जास्त. समजा १०० रुपयांच्या मालावर १० रुपये सुटतात आणि ५ रुपयांचा माल नुसताच गेला, तर निम्मा नफा संपला की. म्हणून ठराविक टक्क्यांच्या वरची तूट कंपनीने भरावी, असं कलम ऑपरेटर घालू बघतो. सही करणाऱ्याने ते नीट वाचावं.

फ्रिजचंही एक कलम हवं. अमेरिकेच्या फूड कोडप्रमाणे थंड अन्न ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नसतं. तापमान ठराविक वेळ वर राहिलं की या फ्रिजचं दार आपोआप लॉक होतं. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनो, सेन्सरचा इतका चविष्ट उपयोग सिलॅबसमध्ये नाही! मग लॉक झालेला माल टाकायचा कोणी आणि कोणाच्या खर्चाने, तेही आधीच लिहून घ्यायचं.

आपल्या हॉस्टेलवर असं दुकान आणायचं ठरलं तर रेक्टर सरांना माझी एक विनंती आहे. तूट सगळ्यांच्या डिपॉझिटमधून कापायचं कलम मान्य करू नका, नाहीतर पैसे भरून खाणारी मुलगी दोनदा पैसे भरेल. कॅमेऱ्याचं फुटेज कोण बघणार, त्याचंही नाव-पद करारात हवं. आणि ऑपरेटर गाशा गुंडाळून गेला, तर मुलींनी खात्यात आधी भरलेले पैसे किती दिवसांत परत मिळणार, तेही.