‘लाइफटाइम’ तेल : पण लाइफ कुणाचे?



इंजिनचे तेल बदलायचे आपण सहसा विसरत नाही. विंडशील्डच्या कोपऱ्यात स्टिकर असतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि तरीही विसरलोच तर घरून आठवण होतेच! पण त्याच हूडखाली बसलेल्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या तेलाला असा कुणी वाली नाही. कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ते बदलायची मुदतच दिलेली नसते. डीलरकडे विचारले तर "लाइफटाइम फ्लुइड आहे, काळजी नको" असे उत्तर मिळते. पूर्वी निदान डिपस्टिक असायची, आताच्या बऱ्याच गाड्यांत तीही नाही. आणि मग कधीतरी गिअर घसरू लागतो आणि मेकॅनिक काही हजार डॉलरचा आकडा सांगतो. त्या पैशांत चौघांचे भारताचे तिकीट निघावे.

आधी हे तेल करते काय ते पाहू. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तिथे इंजिनची ताकद या तेलाच्या प्रवाहातूनच पुढे जाते. आतले क्लच दाबले जातात तेही याच तेलाच्या दाबाने. शिवाय वंगण देणे आणि उष्णता वाहून नेणे ही कामे आहेतच. क्लचच्या चकत्या झिजतात, त्याची बारीक पूड तेलात मिसळते. उष्णतेने तेलातली रसायने हळूहळू खर्च होतात. म्हणजे तेल ‘संपत’ नाही, पण थकते. आपल्यासारखेच!

मग ‘लाइफटाइम’ म्हणजे काय? जर्मनीच्या झेडएफ कंपनीचे ट्रान्समिशन बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत असते. गाडीवाले त्या तेलाला लाइफटाइम म्हणत आले, पण ते ट्रान्समिशन बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला, म्हणजे साधारण ५० ते ७५ हजार मैलांना, किंवा आठ वर्षांनी तेल बदला असे सांगते. टोयोटाच्या इथल्या मेंटेनन्सच्या पुस्तिकांमध्येही बारीक अक्षरांत एक ओळ सापडते : ट्रेलर ओढत असाल, टपावर कॅरिअर लावत असाल किंवा गाडीत जड ओझे भरत असाल, तर ६०,००० मैलांना ट्रान्समिशनचे तेल बदला. आता आई-बाबा आले की आपण नायगाराला कसे जातो ते आठवा. सात माणसे, टपावर बॅगा, कूलर, शिवाय पोळ्यांचा डबा. आपण त्या ओळीत बसतो की नाही, तुम्हीच ठरवा. माझे मत विचाराल तर गाडी दीड लाख मैल चालवायची असेल तर ५०-६० हजारांना तेल बदलावे. तीन वर्षांच्या लीजवर असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

आता कृती. डिपस्टिक नसलेल्या गाडीत, उदाहरणार्थ सहा गिअरच्या कॅम्रीत, खाली एक प्लग आणि वर बाजूला एक फिल प्लग असतो. पहिला नियम : आधी वरचा प्लग उघडतो का ते पाहा, मगच खालच्याला हात लावा. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी नेमके उलटे केले. तेल सगळे परातीत, आणि वरचा प्लग हलेचना! रविवारची संध्याकाळ, गाडी जॅक स्टँडवर, सोमवारी सकाळी ऑफिस. शेवटी एक मित्र लांब दांड्याचा पाना घेऊन आला तेव्हा रात्री दहाला तो सुटला.

खालचा प्लग काढला की थोडेच तेल येते, कारण आत एक उभी नळी असते. ती काढली की उरलेले येते. आलेले तेल मोजा, नळी परत लावा, आणि तेवढेच नवे तेल वरून भरा. पण एवढ्यावर काम संपत नाही. तेल तापले की फुगते, म्हणून पातळी ठरावीक तापमानालाच पाहायची असते. टोयोटाच्या अनेक सहा गिअरच्या गाड्यांत हे साधारण ४० अंश सेल्सियसच्या, म्हणजे १०४ फॅरेनहाइटच्या आसपास असते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा, आणि तापमान दाखवणारा स्कॅनर वापरा. गाडी चारही बाजूंनी सपाट हवी. इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून गिअर सगळ्या जागांवरून सावकाश फिरवायचा. तापमान आले की इंजिन चालू असतानाच खालचा प्लग उघडायचा. जास्तीचे तेल त्या नळीतून वाहून जाते. धार तुटून थेंब पडू लागले की प्लग बंद. काहीच आले नाही तर तेल कमी आहे, आणखी भरा. टेक्सासवाल्यांनी जुलैत हे काम भल्या पहाटे करावे, नाहीतर सुरुवात करण्याआधीच तापमान पुढे गेलेले असते!

चालत्या इंजिनखाली, गरम सायलेन्सरजवळ जायची सवय नसेल तर मेकॅनिककडे द्या. मात्र "पातळी कोणत्या तापमानाला बघता?" हे जरूर विचारा. उत्तरादाखल नुसते हसू मिळाले तर दुसरीकडे जा.

तेल कोणते, यात काटकसर नको. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना ‘डब्ल्यूएस’, होंडाच्या पाच-सहा गिअरच्या अनेक गाड्यांना ‘डीडब्ल्यू-१’, होंडाच्याच सीव्हीटीला ‘एचसीएफ-२’, निसानच्या नव्या सीव्हीटींना ‘एनएस-३’. सीव्हीटीत तर फारच जपा. तिथे स्टीलचा पट्टा दोन पुलींमध्ये केवळ घर्षणाच्या जोरावर धरलेला असतो. चुकीचे तेल पडले की पट्टा घसरून पुली खरवडते.

एका वेळी सगळे तेल निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरेच राहते. समजा ४० टक्के बदलले, तर तीनदा केल्यावर जवळजवळ ७८ टक्के तेल नवे होते. मी तिन्ही वेळा मध्ये महिनाभर जाऊ देतो.

"जुन्या गाडीचे तेल बदलले आणि ट्रान्समिशनच गेले" असे किस्से आपण ऐकतो. बहुतेकदा गिअर घसरू लागल्यावरच लोकांना तेलाची आठवण झालेली असते. झिजलेला क्लच नव्या तेलाने भरून येत नाही. त्यामुळे मुलांसाठी लाखभर मैलांची जुनी गाडी घेताना आधी तेलाचा वास घ्या. काळपट रंगाने घाबरू नका, पण जळका वास आला किंवा गिअर धक्का देत असेल तर ती गाडी सोडा.

वॉरंटीत असलेल्या गाडीचे तेल तुम्ही घरी बदललेत म्हणून कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही, १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने ते संरक्षण दिले आहे. मात्र तेलाची पावती आणि मैलांची नोंद जपून ठेवा. आणि जुने तेल बाटलीत भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात द्या, बरीच दुकाने फुकट घेतात.