रक्तक्षयी मुलाचे सुवर्णपदक

वैद्यक व्यावसायिकांच्या स्मरणिकेत धावपटूचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. परंतु हा खेळाडू एका डॉक्टरचा मुलगा होता आणि बालपणी रक्तक्षयाचा रुग्ण होता. शिवाय माझ्या एका चुकीची आठवण त्याच्याशी निगडित आहे.

बॉब मथायस याचा जन्म १७ नोव्हेंबर १९३० रोजी कॅलिफोर्नियातील तुलारे या गावी झाला. वडील तेथेच वैद्यकी करीत. मुलाला लोहाच्या गोळ्या आणि भरपूर विश्रांती द्यावी लागे. मात्र त्याचे मैदान कधी सुटले नाही. शाळेत तो थाळीफेक व अडथळ्यांच्या शर्यतीत चमकू लागला. १९४८ साली प्रशिक्षक व्हर्जिल जॅक्सन यांनी त्याला डेकॅथलॉन सुचविले. चार शर्यती, तीन उड्या व तीन फेकी अशा दहा प्रकारांची ही दोन दिवसांची कसोटी. त्यांतील काही प्रकार बॉबने तोवर केलेही नव्हते. तरी त्याच उन्हाळ्यात तो अमेरिकेचा विजेता ठरला आणि लंडनला ऑलिंपिकसाठी गेला. वय अवघे सतरा!

वेम्बलीच्या मैदानावर त्याची परीक्षाच झाली. गोळाफेकीत वर्तुळाच्या पुढून बाहेर आल्याने त्याची चांगली फेक बाद झाली. उंच उडीत दोन प्रयत्न फसून तिसऱ्याने तारले. दुसऱ्या दिवशी पावसात त्याच्या थाळीच्या जागेची खूणच नाहीशी झाली. पंचांना ती बराच वेळ शोधावी लागली. भालाफेकीच्या वेळी इतका अंधार पडला होता की रेषा दिसावी म्हणून विजेरीचा प्रकाश धरावा लागला. रात्री उशिरा १५०० मीटरची शर्यत संपली, तेव्हा ७,१३९ गुणांसह सुवर्णपदक त्याचे होते.

१९५२ साली हेलसिंकीत त्याने विश्वविक्रमासह दुसरे सुवर्ण मिळविले. दुसऱ्या क्रमांकाच्या मिल्ट कॅम्पबेलपेक्षा तब्बल ९१२ गुणांनी पुढे राहून. डेकॅथलॉनचे ऑलिंपिक विजेतेपद दोनदा मिळविणारा तो पहिलाच. पुढे १९६७ ते १९७५ या काळात तो अमेरिकन काँग्रेसचा सदस्य होता. २००६ साली त्याचे निधन झाले.

हे चरित्र वाचताना मला इंदूरच्या माझ्या दवाखान्यात आलेला बारा वर्षांचा एक मुलगा आठवला. चेहरा फिकट, हिमोग्लोबिन साडेसहा. औषधे दिली आणि शाळेसाठी चिठ्ठी लिहिली: कवायत व खेळ यांतून सूट द्यावी. काही महिन्यांत हिमोग्लोबिन बारावर आले. मी समाधान पावलो. ती सूट रद्द करण्याचे मात्र माझ्या ध्यानी आले नाही. तीन वर्षांनी तो साध्या तापासाठी आला. क्रिकेट खेळतोस का, असे मी सहज विचारले.

“नाही काका, तुम्हीच मनाई केली आहे ना?”

मी खजील झालो. तत्काळ दुसरी चिठ्ठी लिहून दिली. परंतु आई म्हणाली, “डॉक्टरसाहेब, आता दहावीचे वर्ष. आता कसला खेळ?” तिला उत्तर देण्याचा अधिकार मी गमावला होता.

तो मुलगा मथायस झाला असता, असे मी म्हणत नाही. परंतु बरे वाटल्यावर धावण्याचा आनंद त्याच्या हक्काचा होता. तेव्हापासून खेळातून सूट देणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर मी ती कधी संपते, ती तारीख आधी लिहितो.