प्रवाशाचे वजन कशासाठी?

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन ही प्रचंड घळई आहे. जवळच्या टुसायान गावाहून पर्यटकांना हेलिकॉप्टरने घळईवरून फिरवून आणण्याचा व्यवसाय चालतो. येथे प्रवाशाला आधी वजनकाट्यावर उभे करतात. असे का?

हेलिकॉप्टरची फिरती पाती हवा खाली ढकलतात आणि प्रतिक्रियेने हेलिकॉप्टर वर उचलले जाते. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमानात एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. टुसायानचा विमानतळ सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. तेथे ३० अंशांच्या दुपारी ते जेमतेम ०.९ किलोग्रॅम भरते. अशा विरळ हवेत इंजिनाची शक्तीही घटते. त्यामुळे सकाळी पेलणारे ओझे दुपारी पेलेलच असे नाही. मग इंधन तरी कमी घ्यावे लागते किंवा एखादी खुर्ची रिकामी ठेवावी लागते. मालकाला तो तोटाच. पण वैमानिकाला हे गणित टाळता येत नाही. गुरुत्वमध्य सरकू नये म्हणून कोणी कोठे बसायचे हेही वजनावरूनच ठरवतात.

धंदा वाढला की फेऱ्या वाढतात, आणि आकाशात गर्दी होते. १८ जून १९८६ रोजी याच घळईवर सहलीचे विमान आणि हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन २५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १९८७ मध्ये या उड्डाणांसाठी कायदा झाला. २००० साली फेऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा आली.

वर्गात विचारून पाहा: त्याच हेलिकॉप्टरमधून सकाळी सहा प्रवासी गेले, दुपारी मात्र पाचच. का बरे?