लोखंड कच्चं नव्हतं

भाताची कापणी उरकली की त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या गिरण्यांवर भरडाईची गर्दी होते. ऐन हंगामात एखाद्या गिरणीचा शाफ्ट तुटला, की ‘लोखंडच कच्चं होतं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. बहुतेकदा ते खरं नसतं. तुटलेलं तोंड उजेडात धरून पाहा. एका बाजूला गुळगुळीत भाग आणि त्यावर वळणदार रेघा दिसतात, उरलेला भाग खरखरीत असतो. गुळगुळीत भागातून भेग बरेच दिवस पुढे सरकत होती. खरखरीत भाग शेवटच्या क्षणी तुटला.

‘इतकी वर्षं टिकला, आता काय होतंय!’ हा समज जास्त घातक. पट्टा शाफ्टला एकाच बाजूला ओढतो, त्यामुळे शाफ्ट किंचित वाकतो. ओढ तीच राहिली तरी शाफ्ट फिरत असल्याने पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरच्या शाफ्टवर हे बारा तासांच्या आत दहा लाख वेळा घडतं. अशा वारंवारच्या ताण-दाबाने धातू थकतो आणि त्याला भेग पडते. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायच्या रेल्वे इंजिनाचा आस तुटून मोठा अपघात झाला. पुढे जर्मनीत व्होलर या अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेऊन हा थकवा मोजला. स्टीलच्या चकचकीत नमुन्याची थकवा सोसण्याची मर्यादा त्याच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण निम्मी असते. प्रत्यक्ष शाफ्टची त्याहूनही कमी, म्हणून हिशेब या मर्यादेवर करायचा.

जाडी वाढवली की काम झालं? व्यास दुप्पट केला तर ताकद आठपट होते, हे खरं. पण भेग सुरू होते ती व्यास बदलतो त्या कोपऱ्यात, नाहीतर चावीच्या गाळ्यात. कोपरा काटकोनात कापलेला असेल तर तिथला ताण दुपटीच्याही वर जाऊ शकतो. त्र्यंबक रस्त्याला लागून सातपूरची औद्योगिक वसाहत आहे. तिथे शाफ्ट बनवायला दिलात, तर कोपऱ्याला गोलाई ठेवायला आवर्जून सांगा.

भारी स्टीलने शाफ्ट कमी वाकतो, हेही चूक. साधं ईएन ८ स्टील काय नि भारी ईएन २४ काय, त्याच मापाचा शाफ्ट त्याच भाराखाली जवळपास तेवढाच वाकतो.

दुरुस्तीच्या वेळी कोपरे स्वच्छ पुसून भेग शोधणारा लाल द्रव लावा, थोड्या वेळाने पुसा आणि पांढरी भुकटी फवारा. भेग असेल तर लाल रेघ उमटते. त्यावर वेल्डिंग भरू नका, त्या उष्णतेने शेजारचं स्टील ठिसूळ होऊन नवी भेग धरते. शाफ्टच बदला.